रत्नागिरी ते केपटाउन: मोटारसायकल पाठवण्याआधी आणि सीमा ओलांडताना

गाडी न्हावा शेवाहून जहाजाने केनियातल्या मोंबासा बंदरात पाठवायची आणि तिथून केपटाउनपर्यंत चालवायची, असा हा बेत. आफ्रिकेत एकट्याने मोटारसायकलवर जायचं म्हटलं की लोक सिंहांबद्दल विचारतात. अडवणारी गोष्ट मात्र स्टिअरिंगच्या नळीवर कोरलेली सतरा अक्षरं असतात. तो चॅसिस नंबर. प्रत्येक सीमेवरचा कस्टम्सवाला हातातल्या कागदावरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरागणिक ताडून बघतो. रत्नागिरीच्या समुद्राकाठी, भाट्याच्या पुलावरून रोज ये-जा करणाऱ्या, खारा वारा खाल्लेल्या गाडीवर तो नंबर वाचता येईलच याची खात्री नसते. म्हणून मी तयारी इंजिनापासून न करता नंबरापासून केली.

गंज काढायला पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. धातू घासला गेला की नंबराशी छेडछाड केल्यासारखं दिसतं आणि मग खुलासे करत बसावं लागतं. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर नंबरावर बांधून ठेवायची, सकाळी जुन्या टूथब्रशने घासायचं. खाचांमध्ये पांढरा खडू चोळला की अक्षरं उठून दिसतात. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलने छाप घ्यायचा, आरटीओत घेतात तसाच. दोन छाप आणि एक जवळून काढलेला फोटो जपून ठेवायचा. शेवटी पारदर्शक लॅकरचा एक हात. नेलपॉलिशही चालतं. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो आणि चिखल-तेलाखाली गाडलेला असतो, त्यालाही हेच.

आता हे छाप आरसी शेजारी ठेवून वाचा. चॅसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. आरसीवर ओ दिसला तर तिथे शून्य आहे आणि टायपिंगची चूक झालेली आहे. ती दुरुस्ती आरटीओतून आधी करून घ्यायची, कारण पुढचे सगळे कागद आरसीवरून उतरवले जातात आणि चूक प्रत्येक कागदावर जाऊन बसते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 देऊन बोजा उतरवायचा. आंतरराष्ट्रीय परवाना त्यामानाने सोपा आहे. फॉर्म 4-ए, 1000 रुपये फी, मुदत एक वर्ष, आणि आपला मूळ परवाना सोबत लागतोच.

मुख्य कागद म्हणजे कार्नेट. गाडीचा पासपोर्टच म्हणा. गाडी परत बाहेर नेणार आहोत, विकणार नाही, याची हमी त्यात असते, म्हणून आयात शुल्क भरावं लागत नाही. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे अर्ज होतो. गाडीची किंमत आणि कुठले देश यावरून हमीची रक्कम ठरते आणि तेवढी बँक गॅरंटी द्यावी लागते. अर्जात रंग, सिलिंडर, सीट, वजन, किंमत आणि जादा टायरसुद्धा लिहायचे असतात. मागच्या रॅकवर टायर बांधून नेणार असाल तर तो इथेच लिहा.

कार्नेटचं प्रत्येक पान आडवं तीन भागांत फाडता येतं. देशात शिरताना खालचा भाग कस्टम्स फाडून घेतं, बाहेर पडताना मधला, आणि वरचा भाग पुस्तकातच राहतो. त्या वरच्या भागावर शिरतानाचा आणि निघतानाचा असे दोन शिक्के दिसले पाहिजेत. परत आल्यावर हमी सुटते ती याच भागांवरून. काउंटरवरचा माणूस घाईत असतो. खालचा भाग फाडतो आणि वरच्या भागावर शिक्का मारायचा विसरतो, किंवा चुकून मधलाच भाग फाडतो. पुस्तक परत हातात आलं की खिडकीसमोरून हलायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या: बरोबर भाग फाटला का, वरच्या भागावर शिक्का आहे का, तारीख वाचता येते का. मागचे ट्रकवाले ओरडतात, ओरडू देत.

पानं किती लागतील? केनिया, टांझानिया, झांबिया आणि त्यानंतर बोट्स्वाना, दक्षिण आफ्रिका. बोट्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, लेसोथो आणि इस्वातिनी हे पाच देश कस्टम्सच्या दृष्टीने एकच प्रदेश आहेत. बोट्स्वानात शिरताना खालचा भाग फाटला की मधला भाग थेट केपटाउनच्या बंदरावर फाटायला हवा. मधल्या सीमेवर पासपोर्टला शिक्के बसतात, कार्नेटला बसले नाहीत तर आग्रह धरू नका. म्हणजे हिशोबाने चार पानं. पाच पानांचं पुस्तक पुरतं असं वाटतं, पण मलावीकडे वाकडी वाट केली आणि झांबियात दुसऱ्यांदा शिरलात की सहा होतात. मी दहाचं घेतलं. मुदत एक वर्षाची आणि ती कार्नेट दिल्या दिवसापासून मोजतात. समुद्रातले आठवडे, बंदरातले दिवस सगळे त्यातच जातात.

निघायचा महिना आपल्या पावसाने ठरवून टाकला आहे. पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस मार्च ते मे, आणि दक्षिणेकडे मे ते ऑक्टोबर कोरडा. इकडे मिरग लागायच्या आत गाडीची पेटी बंदरात पोचवायची आणि आपल्याकडे धो धो कोसळत असताना तिकडे कोरड्या रस्त्यावर चालवायची. अपवाद केपटाउनचा. तिथे जून ते ऑगस्ट हाच पावसाळा, त्यामुळे तिथे सप्टेंबरच्या सुमारास पोचेल असा वेग ठेवावा. आणि थंडी. टांझानियातलं एम्बेया साधारण 1700 मीटरवर आहे, बोट्स्वानात जुलैच्या रात्री पारा शून्याजवळ जातो. आपल्याकडे रेनकोट चांगला मिळतो, थंडीचं जाकीट कोकणात नीट मिळत नाही. ते मुंबईत घ्या.

गाडी हिमालयन 411. इंधन इंजेक्शनने जात असल्यामुळे उंचीवर कार्ब्युरेटरचं जेट बदलायची भानगड नाही. टाकी 15 लिटरची, 28 चा अॅव्हरेज धरला तर 420 किमी. कोकणातल्या गाडीचं दुखणं इंजिनात नसतं, वायरिंगमध्ये असतं. सीट आणि टाकी काढून प्रत्येक कनेक्टर उघडा. आत पितळी पिनांवर हिरवा गंज दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, सुकवून, डायलेक्ट्रिक ग्रीस भरा. स्पोकची निपल जाम झालेली असतात, ती आत्ताच एकेक करून सोडवून तेल द्या. तिकडे रिम वाकला आणि निपल फिरलं नाही तर स्पोक तुटतो. स्टिअरिंगचे बेअरिंग नवे टाकले. ट्यूबचं चाक असल्याने पुढची 21 इंची ट्यूब जादा घ्या. अडचणीत ती मागच्या 17 च्या चाकात घडी न पडू देता बसवता येते. उलटं जमत नाही.

पेटीचं प्रकरण मात्र बहुतेकांना ऐनवेळी कळतं. गावातला सुतार फणसाच्या किंवा ऐनाच्या फळ्यांची भक्कम पेटी करून देतो, आणि ती बंदरात परत पाठवली जाते. परदेशात जाणाऱ्या पॅकिंगच्या लाकडाला आयएसपीएम 15 नियमाप्रमाणे उष्णतेची प्रक्रिया केलेली लागते आणि त्यावर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि एचटी हा छाप लागतो. लाकूड कितीही जुनं, कितीही सुकलेलं असो, छाप नाही तर नाही. प्लायवूडला हा नियम नाही. म्हणून सोपा उपाय असा: फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा सांगाडा आणि बाजूंना प्लायवूड. बोल्टने जोडलेला घ्या, वेल्डिंगचा नको. मोंबासात तो उघडायचा आहे आणि तिथे तुमच्याकडे एकच पाना असणार.

एलसीएल, म्हणजे इतरांच्या मालासोबत कंटेनरमध्ये पाठवताना भाडं घनमीटरवर लागतं. गाडी आहे तशी ठेवली तर पेटी 2.30 × 0.90 × 1.45 मीटर, म्हणजे 3 घनमीटर. पुढचं चाक, हँडल, आरसे आणि काच काढली की 1.95 × 0.75 × 1.15, म्हणजे 1.68. दोन तासांच्या कामात भाडं जवळजवळ निम्म्यावर येतं. पुढच्या फोर्कला एक्सलसकट लोखंडी ब्रॅकेटवर बसवा. नुसते पट्टे आवळून सस्पेन्शन दाबून ठेवलं तर टायरमधली हवा उतरते, पट्टे सैल पडतात आणि गाडी पेटीत आडवी होते. टाकी रिकामी, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून टेप लावलेली. कंटेनरला आतून घाम येतो. दिवसा तापतो, रात्री थंड होतो आणि छतावरून थेंब पडतात. म्हणून धातूवर तेलाचा हात, सिलिका जेलच्या थैल्या, आणि सायलेन्सरमध्ये चिंधी. चिंधीची चिठ्ठी हँडलला बांधा, नाहीतर तिकडे गाडी स्टार्ट का होत नाही म्हणून स्पार्क प्लग काढत बसाल.

न्हावा शेवाला सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम करून देणारा एजंट, लागतोच. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर, नाव पासपोर्टप्रमाणे असलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची सवय आहे, ती पासपोर्टवर असेल तरच घाला. इथे कस्टम्सने कार्नेटवर निर्यातीची नोंद केल्याशिवाय पेटी सोडू नका. मोंबासात आधी शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर, मग कस्टम्स. तिथे भाडं न लागणारे दिवस मोजकेच असतात, म्हणून जहाज लागायच्या आधी आपण पोचलेलं बरं. आणि पॅनियरमध्ये, म्हणजे गाडीच्या बाजूच्या डब्यांत, सामानाला प्लास्टिकच्या पिशव्या लावू नका. केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून त्यांच्यावर बंदी आहे. कापडी पिशव्या चालतात.

पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी. लसीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक परत येताना भारतातच जास्त कडकपणे मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. विमा केनियातच काढा आणि त्याला कोमेसा यलो कार्ड जोडून घ्या, ते टांझानिया आणि झांबियात चालतं. बोट्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेत चालत नाही.

रस्त्यावरच्या गोष्टी थोडक्यात. वाटेवरच्या पाचही देशांत वाहतूक डावीकडून आहे, तो एक ताण कमी. टांझानियात प्रत्येक गावात 50 ची मर्यादा, आणि स्पीडगन घेऊन पोलीस झाडाखाली. मिकुमी राष्ट्रीय उद्यानातून महामार्ग साधारण 50 किमी जातो, तिथे प्राण्याला धडक दिली तर दंड. टांझानिया-झांबिया सीमेवरच्या तुंडुमाला ट्रकची रांग काही किलोमीटर असते, मोटारसायकलने बाजूने पुढे जायचं. तिथे झांबियात शिरताना कार्बन टॅक्स आणि कौन्सिलची लेव्ही वेगवेगळ्या खिडक्यांवर भरायची. पावत्या टाकू नका, पुढे नाक्यावर मागतात. कच्चे रस्ते लाल मुरमाचे, म्हणजे आपला जांभाच. राजापूर-लांज्याकडच्या चिरेखाणींच्या रस्त्यावर हात बसला असेल तर वेगळं काही शिकावं लागत नाही, फक्त हवा 4-5 पीएसआय कमी करा आणि रोज संध्याकाळी रॅकचे बोल्ट तपासा. पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या त्या रस्त्याने सगळं सुटतं. झांबिया-बोट्स्वाना सीमेवर 2021 पासून कझुंगुलाचा पूल आहे, फेरीबोटीची वाट बघायची गरज नाही. पुढे नाटापर्यंत 300 किमी हत्तींचा रस्ता. हॉर्न वाजवायचा नाही, लांब थांबायचं, इंजिन चालू ठेवायचं.

केपटाउनला पेटी बंद होण्याआधी मधला भाग फाटला आणि वरच्या भागावर शिक्का बसला हे स्वतः बघा, एजंटच्या शब्दावर विमानात बसू नका. शिक्का राहूनच गेला तर न्हावा शेवाला गाडी उतरल्यावर कस्टम्ससमोर गाडी दाखवून सर्टिफिकेट ऑफ लोकेशन भरून घेता येतं. गाडी आता भारतात आहे असा तो दाखला. त्यासाठी अधिकारी गाडीपाशी येतो आणि वाकून पुन्हा तोच चॅसिस नंबर वाचतो, म्हणून परतीच्या पेटीत गाडी घालतानाही नंबरावर तेलाचा एक हात द्या.