सोळाव्या अक्षांशावरची रापण

मालवणमधल्या दांडीच्या किनाऱ्यावर पोहोचले तेव्हा फटफटायला थोडा अवकाश होता आणि मतलई वारा माडांमधून समुद्राकडे निघाला होता. आदल्या दुपारी कुडाळला रेल्वेतून उतरून एसटीने मालवण गाठले होते, ते केवळ रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केली जाणारी मासेमारी, पाहण्यासाठी. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराचा पृष्ठभाग 1950 ते 2020 या काळात शतकाला सुमारे 1.2 अंश सेल्सिअस या वेगाने तापल्याचे दाखवून दिले आहे. हा एवढासा आकडा माणसांच्या जगण्यात कसा उतरतो, ते मला वाळूत उभे राहून पाहायचे होते.

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी पाण्यात शिरली, अर्धवर्तुळात जाळे सोडत गेली आणि दुसरे टोक घेऊन बऱ्याच अंतरावर पुन्हा किनाऱ्याला लागली. मग दोन्हीकडची माणसे दोर ओढत, एकेक पाऊल मागे सरकत, एकमेकांच्या जवळ येऊ लागली. मीही एका बाजूला हात लावला. सूर्य चांगला वर आला तेव्हा जाळ्याचा घोळ उथळ पाण्यात आला. त्यात चकाकणारी तारली होती, थोडे पेडवे होते, मोजके बांगडे होते आणि जेलीफिशचा बुळबुळीत थर होता, जो हातांनी उपसून टाकण्यातच बराच वेळ गेला.

ही रापण ओढणाऱ्या मच्छिमारांच्या संघातील सर्वांत वयस्कर रापणकरांना सगळे तात्या म्हणतात. मासळी निवडता निवडता ते म्हणाले, "ताई, पयले आमका ठावक असायचा, नारळी पुनवेनंतर खयचो मासो कधी लागतलो ता. आता एका वर्षी तारल्यांनी जाळी फाटतत, दुसऱ्या वर्षी वासाक पण गावणत नाय."

तात्यांच्या या एका वाक्यामागे फार मोठा समुद्र आहे. तारलीचे खाद्य म्हणजे मुख्यतः डायटमसारखे सूक्ष्म वनस्पतिप्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय वनस्पती. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यालगत वाऱ्यांमुळे वरचे पाणी खोल समुद्राकडे ढकलले जाते, खालचे थंड, पोषक क्षारांचे पाणी वर येते आणि त्यावर हे प्लवंग माजतात. म्हणूनच 1980 च्या दशकापर्यंत देशातील जवळजवळ सगळी तारली साधारण 8 ते 16 अंश उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात मिळत असे. पुढे ती उत्तरेला आणि पूर्व किनाऱ्यावरही वाढत्या प्रमाणात सापडू लागली. मालवण बरोबर सोळाव्या अंशावर, म्हणजे त्या जुन्या पट्ट्याच्या कडेवर आहे, आणि कडेवरच्या गावाला चढउतार आधी जाणवतात. मूळ घरी काय झाले, तेही पाहावे: केरळमध्ये 2012 साली सुमारे 3.9 लाख टन तारली मिळाली होती, तर 2021 साली केवळ 3,297 टन. तारली पूर्वीही अधूनमधून अशी कोसळलेली आहे, हे खरे. मात्र पाण्याचा वरचा थर तापून हलका झाला की तो खालच्या थंड थरात मिसळत नाही, वर क्षारही येत नाहीत आणि विरघळलेला प्राणवायूही घटतो, त्यामुळे सावरायला लागणारे अन्नच अपुरे पडते.

त्याच रात्री चिवल्याच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकत होत्या आणि पर्यटक आनंदाने ओरडत होते. दृश्य विलक्षण सुंदर होते, हे मान्य करते. पण शेजारी उभ्या असलेल्या मासेविक्रेत्या काकी गप्प होत्या. पाणी असे पेटले की जाळेही उजळते आणि मासा ते पाहून वळतो, एवढेच त्यांनी सांगितले. ही चमक नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाची. मूळचे गोव्याचे जोकिम गोएस आणि हेल्गा गोम्स या शास्त्रज्ञांनी खुल्या अरबी समुद्रातील याच जीवाचा माग काढला असून त्यांचे म्हणणे थक्क करणारे आहे: हिमालय-तिबेटवरील बर्फ घटल्याने हिवाळी वारे पूर्वीइतके थंड आणि कोरडे राहिले नाहीत, समुद्राचा पृष्ठभाग नीट गार होत नाही, पाणी ढवळले जात नाही, डायटम मागे पडतात आणि नॉक्टिल्युका फोफावते. तिला खाणारे मासे थोडे. जेलीफिश मात्र तिच्यावर पोसतात. सकाळी हातांनी उपसलेला तो थर मला तेव्हा आठवला.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ प्रवाळ पाहिले. 1987 मध्ये घोषित झालेल्या 29.12 चौरस किलोमीटरच्या सागरी अभयारण्याचा हा परिसर. पाणी गढूळ असल्याने फारसे दिसले नाही. एका खडकावर मात्र पांढरा पडलेला तुकडा स्पष्ट होता. पाणी सहनशक्तीपलीकडे तापले की प्रवाळ आपल्यातली शैवाले बाहेर टाकतात आणि रंग जातो.

वादळांविषयी लोक आपणहून बोलतात. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा आले, म्हणजे ऐन हंगामात होड्या वर ओढून बसावे लागले. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या 1982 ते 2000 या काळाच्या तुलनेत 2001 ते 2019 मध्ये 52 टक्क्यांनी वाढली, असे पुण्यातील त्याच संस्थेच्या अभ्यासात आहे. काकींचे दुःख वेगळे होते. अवकाळी पावसाने वाळत घातलेले बांगडे एका रात्रीत किडतात, आणि सुक्या मासळीचा पैसा तर पावसाळ्यातल्या चुलीसाठी राखलेला असतो.

निघण्याआधी तात्यांनी मला थांबवले. "सगळा वाऱ्यापावसार ढकलू नकात. पर्ससीनवाल्यांनी आनी लायटीवाल्यांनी समुद्र उपसलो, ता पण लिवा." त्यांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते. राज्य सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये पर्ससीन मासेमारीवर, म्हणजे यांत्रिक बोटींनी अख्खा थवा मोठ्या जाळ्यात वेढून धरण्यावर, निर्बंध आणले, तरी किनाऱ्यावरचा तो वाद शमलेला नाही. तापलेल्या पाण्यामुळे थवे आधीच विस्कळीत झाले असताना उरलेला थवा खोलातच वेढला गेला, तर रापणीपर्यंत येणार काय? हवामानाचे नाव पुढे करून ही उपसणी झाकणे मला अन्यायाचे वाटते.

संघ मासळीच्या वाट्यांचा हिशेब वहीत लिहितो. जुन्या वह्या पाहायला मिळतील का, असे विचारले तेव्हा तात्यांनी पत्र्याची पेटी उघडली. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आले त्या दिवशी छपराची कौले उडून पाणी आत शिरले होते. सर्वांत जुन्या चार वह्यांची पाने एकमेकांना चिकटून ठोकळा झाली आहेत. कोणत्या तिथीला कोणता मासा किती लागला, हे त्यांत आहे, पण ते वाचता येत नाही. तात्या तरीही त्या टाकत नाहीत. नव्या वहीत त्यांनी तारीख घातली आणि खाली लिहिले: तारली 14 टोपल्या, बांगडा अर्धी. मग वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड दोऱ्याने घट्ट बांधले.