खडूचा चौकोन

जानेवारीत कापसाचे चुकारे हाती आले की यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-घाटंजीच्या पट्ट्यात माझी टीव्ही बसवण्याची कामे एकदम वाढतात. अशाच एका दुपारी 43 इंची नवा एलईडी टीव्ही लावायला एका शेतकऱ्याच्या घरी गेलो, तर घरच्यांनी जागा ठरवून भिंतीवर खडूने चौकोनही आखून ठेवला होता, आणि तो नेमका चुलीच्या वर होता.

त्यांचा विचार अगदीच चुकीचा नव्हता. तीन भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड फूट जाडीच्या. पावसात कोसळून पुन्हा बांधलेली चौथी भिंत तेवढी विटा-सिमेंटची, आणि फास्टनर (भिंतीत घालून आवळायचा बोल्ट) धरेल अशी तीच एक. शिवाय घरात गॅस असला तरी भाकरी चुलीवरच होत होती. "मले भाकर टाकता टाकता पाहाले भेटन, लाव ना भाऊ," आजी म्हणाल्या.

मी ड्रिल पिशवीतून काढलेच नाही. दोन वर्षांपूर्वी एका घरच्या आग्रहाला बळी पडून मी असाच चुलीवर टीव्ही लावला होता आणि आठ महिन्यांत तो माझ्याच टेबलावर परत आला. मागची हवेची छिद्रे काजळी आणि फोडणीच्या तेलकट वाफेने बुजलेली, आत बोटाला लागणारा काळा चिकट थर, पॉवर सप्लायच्या दोन कपॅसिटरची (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) डोकी फुगलेली आणि बॅकलाइटची एक पट्टी गेलेली होती. या कपॅसिटरचे आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढले की साधारण निम्म्यावर येते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. म्हणूनच त्या दुरुस्तीचे पैसे मागायला माझी जीभ रेटली नाही.

आजींना कपॅसिटर समजावण्यापेक्षा मी त्यांना चूल पेटवायला सांगितले. पराट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचा, जाळ धरला, तशी मल्टीमीटरची तापमान मोजणारी तार मी चौकोनाच्या मधोमध चिकटवली. पंधरा मिनिटांत आकडा 58 वर गेला. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत वापराची मर्यादा 40 अंश छापलेली होती. ती ओळ मी घरातल्या शाळकरी मुलीला मोठ्याने वाचायला लावली. तिने लगेच विचारले, "मग मे महिन्यात?" आमच्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, त्यामुळे टिनाखालच्या त्या घरात दुपारी टीव्ही बंद ठेवा, याहून चांगले उत्तर माझ्याजवळ नव्हते.

शेवटी गोठ्याच्या बाजूची मातीची भिंत निवडली. तिथे फास्टनर निरुपयोगी, कारण तो मातीसकट बाहेर येतो. म्हणून टोकदार सळई हळूहळू फिरवत चार आरपार भोके पाडली, त्यांतून आटे असलेले लांब रॉड घातले आणि दोन्ही बाजूंनी 18 मिलिमीटरच्या प्लायवूडच्या फळ्या मोठ्या वायसर लावून नटांनी आवळल्या. टीव्ही आठेक किलोचा; या बांधणीला तो जड नव्हता. घरची मंडळी जमिनीवर बसत असल्याने पडद्याचा मध्य साडेतीन फुटांवर धरला. चुलीवर तो सहा फुटांवर गेला असता आणि सगळ्यांच्या माना आखडल्या असत्या.

आजींनी पाट थोडा तिरका सरकवला आणि तव्यावरून नजर वळवून पाहिले. "दिसते," एवढेच म्हणाल्या. मी सामान गोळा करून गोठ्यातून बाहेर पडत होतो, तोवर घरमालकांनी बाहेर आलेल्या रॉडच्या टोकांवर बैलांचे कासरे अडकवले होते. कासरे चालतील, पण जू टांगू नका, असे मी त्यांना दोनदा बजावले.