पिन उलटी लावली तेव्हा

जुन्नर तालुक्यात शेतीपंपाची थ्री फेज लाईट पाळीपाळीनं येते. रात्रपाळी असली की उसाला दारं धरायला अंधारातच जावं लागतं, एका हातात खोरं आणि दुसऱ्या हातात बॅटरी, म्हणजे टॉर्च, घेऊन. पायाखाली घोणस नाहीतर मण्यार, आणि शेजारच्या उसात बिबट्या असू शकतो. त्यामुळे आमच्या भागातल्या एका सोसायटीनं सभासदांना सवलतीत बॅटऱ्या द्यायचं ठरवलं, याचं मला काही विशेष वाटलं नाही. खरेदीआधी त्या कुणाकडून तरी तपासून घ्याव्यात असं त्यांच्या सचिवांना वाटलं, याचं मात्र वाटलं. मी आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडचा निदेशक. भाऊसाहेब, म्हणजे ते सचिव, नमुन्यांची पिशवी घेऊन सकाळीच वर्कशॉपमध्ये हजर झाले. सोबत संचालक मंडळातले तात्याही होते. वय सत्तरीच्या पुढं, आणि मत आधीच ठरलेलं.

ते मत पहिल्या नमुन्याच्या बाजूनं होतं. काळं प्लॅस्टिक, लाल बटण, तोंडाशी चकचकीत अॅल्युमिनियमचं कडं, मागून सरकून बाहेर येणाऱ्या दोन पिना. किंमत 190 रुपये, आणि विक्रेत्यानं दोन नग तपासायला फुकट दिलेले. खोक्यावर ‘50 वॅट’, ‘लेझर एलईडी’, ‘1 किमी रेंज’ असं ठळक छापलेलं. दुसरा नमुना 280 रुपयांचा, बुटका, करड्या रंगाचा, मोबाइलच्या वायरनं चार्ज होणारा. त्याच्या खोक्यावर उजेडाचं माप, फक्त 200 लुमेन, एवढंच. तात्यांनी तो हातात घेऊन लगेच खाली ठेवला. “यो खेळण्यातला वाटतोय.”

खिडकी नसलेली स्टोअररूम आम्ही रिकामी केली. घरगुती पद्धतीनं लुमेन काढायचे तर बॅटरी चुन्यानं रंगवलेल्या छताकडं रोखायची, ठरावीक जागी लक्समीटर, म्हणजे पडलेला उजेड मोजणारं यंत्र, ठेवायचा, आणि ज्याचे लुमेन भरवशाचे आहेत अशा बॅटरीशी तुलना करायची. सेटिंग आणि जागा तीच ठेवली की गुणोत्तर बऱ्यापैकी खरं निघतं. माझी स्वतःची 250 लुमेनची बॅटरी मी त्यासाठीच कपाटात ठेवलेली आहे. चालू केल्या केल्या आकडा घ्यायचा नाही. एलईडी तापली की उजेड थोडा उतरतो, म्हणून टॉर्चच्या एएनएसआय एफएल 1 या मानकातही 30 सेकंदांनंतरचं मोजमाप धरतात. पहिला नमुना 110 लुमेनच्या आसपास निघाला, दुसरा 220.

वॅटचं प्रकरण तर मिनिटभरात निकालात निघालं. पहिल्या नमुन्यात 4 व्होल्टची छोटी लेड-अॅसिड बॅटरी होती. मल्टिमीटर सिरीजमध्ये लावला तर करंट 0.4 अँपिअर. म्हणजे 1.6 वॅट.

“सर, बाकीचे अठ्ठेचाळीस वॅट कुठं गेले?” एका पोरानं विचारलं.

“खोका छापण्यात.”

पल्ल्याच्या हिशोबात तात्यांना रस होता, म्हणून तो त्यांच्यासमोरच केला. लुमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा सगळा प्रकाश. झोत किती लांब जाईल हे त्यावरून कळत नाही, ते कँडेलावरून कळतं, म्हणजे एका दिशेला तो प्रकाश किती एकवटलाय त्यावरून. पाच मीटरवर लक्समीटर धरायचा आणि आलेल्या आकड्याला 25 नं गुणायचं. पहिल्या नमुन्याचे 144 लक्स आले, म्हणजे 3600 कँडेला. मानकात पल्ला मोजतात तो उजेड पाव लक्सवर येईपर्यंत, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका राहीपर्यंत. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की मीटर मिळतात. हा झाला 120 मीटर. दुसऱ्याचे 60 लक्स, 1500 कँडेला, पल्ला 77 मीटर. खरोखर 1 किलोमीटर हवा असेल तर अडीच लाख कँडेला लागतील.

“म्हंजे पयलीच लांब मारती,” तात्या म्हणाले. ते बरोबरच होतं.

मग दोन्ही चालू करून टेबलावर ठेवल्या आणि मधूनमधून रीडिंग घेत राहिलो. तासाभरात पहिलीचे 144 चे 60 झाले, आणि दुपारच्या जेवणाआधी ती पिवळसर पडून विझली. खोक्यावर आठ तास लिहिलं होतं. दुसरी अडीच तास टिकली. तिच्यात 18650 जातीचा लिथियमचा सेल होता, 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब. वजन 42 ग्रॅम भरलं. या आकाराच्या चांगल्या सेलचं वजन पंचेचाळीसच्या आगेमागे असतं, त्यामुळे मला हायसं वाटलं. बाजारात याच आकाराचे सेल ‘9900 एमएएच’ अशी क्षमता छापून विकतात आणि हातात घेतले की पोकळ लागतात. खऱ्या 18650 ची धाव 3500 च्या आसपास संपते.

जेवणानंतर विझलेली पहिली बॅटरी चार्जिंगला लावली. आमच्या ट्रेडमध्ये पोरांना पहिल्या महिन्यातच लावलेली सवय अशी की मेन्सला, म्हणजे बोर्डातल्या विजेला, जोडलेल्या कुठल्याही वस्तूच्या उघड्या धातूला आधी टेस्टर, मग हात. एका मुलीनं कड्याला टेस्टर लावला. काहीच नाही. भाऊसाहेबांना चार्जिंगचा लाल दिवा नीट दिसत नव्हता, म्हणून तिनं बॅटरी काढली, फिरवली आणि पुन्हा बोर्डात घातली. परत टेस्टर लावला तर निऑन लख्ख पेटला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मल्टिमीटर घेतला, एक टोक अर्थिंगला आणि एक कड्याला. 226 व्होल्ट. पुन्हा पिन सुलटी केली, जवळजवळ शून्य. उलटी केली, 226. दुसरा नग आणला, त्याचंही तेच. म्हणजे हा एका नगाचा बिघाड नव्हता, बनावटच तशी होती.

स्क्रू काढून उघडली. आत ट्रान्सफॉर्मर नावाची वस्तू नाही. 105J छापलेला एक कपॅसिटर, म्हणजे 1 मायक्रोफॅरड, आणि चार डायोडचा ब्रिज. 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झला त्या कपॅसिटरमधून साधारण 72 मिलिअँपिअर करंट जातो, त्यावर आतली बॅटरी चार्ज होते. स्वस्तात करायचं तर ही युक्ती चालते. पण तिच्यात मेन्स आणि आतली बॅटरी यांच्यामध्ये आडवं कुणीच नसतं. एका पिनेच्या वाटेत कपॅसिटर आहे, दुसरी पिन डायोडमधून थेट आतल्या बॅटरीच्या निगेटिव्हला भिडते. ती दुसरी पिन न्यूट्रलमध्ये गेली तर सगळं शांत. दोन पिनांचा प्लग मात्र कसाही बसतो. फेजमध्ये गेली की अख्खी आतली वायरिंग फेजवर उभी राहते, आणि इथं तर निगेटिव्हची तार एलईडीमागच्या हीटसिंकच्याच स्क्रूखाली दाबली होती. हीटसिंक कड्याला टेकलेलं. शिवाय कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवणारा समांतर रेझिस्टर घालायचा वाचवला होता, त्यामुळे बॅटरी बोर्डातून काढल्यावरही पिनांना हात लागला तर चटका बसणार. चार्ज पूर्ण झाला की थांबवणारं काही नाही, म्हणजे रात्रभर राहिली की लेड-अॅसिड सुकत जाणार. खोक्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह शोधलं, ते नव्हतं.

तात्यांना हे पटलं नाही. “माझ्या पुतण्याकडं हीच हाय. दोन वर्सं झाली, काय नाय झालं.”

“चार्जिंगला कुठं लावतो तो?”

“मोटारीच्या खोलीत. आणिक कुठं?”

भाऊसाहेबांचा चेहरा तेव्हा बदलला, कारण मोटारीची खोली त्यांनाही माहीत होती. पत्रा, ओली माती, गळका व्हॉल्व्ह, अनवाणी पाय. वीज गळली की लाईट तोडणारा आरसीसीबी तिथं नव्हता, ते तात्यांनीच सांगितलं. बॅटरी बोर्डात लावली की मागच्या पिना आत जातात आणि तोंड आपल्याकडं राहतं. रात्री लाईट आली, मोटार चालू केली, बॅटरी ओढायची, तर हात जातो तो थेट त्या चकचकीत कड्यालाच. पकडायला सोयीचं म्हणून ते कडं खाचाखाचांचं केलेलं होतं, हे विशेष.

पडण्याची आणि पाण्याची तपासणी त्यानंतर उरकलीच म्हणायची. कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडल्यावर पहिलीचा पिनांचा खटका तुटला. दुसरीला पोचा आला, पण ती चालू राहिली. बादलीत बुडवल्यावर तिच्याही काचेत आतून वाफ धरली. रबरी ओ-रिंग होती, पण कोरडी. सिलिकॉन ग्रीस लावून पुन्हा बुडवली तेव्हा पाणी शिरलं नाही. 280 रुपयांत मी तरी त्याहून जास्त मागणार नाही.

अंधार पडल्यावर मागच्या पाणंदीत गेलो. पोरांनी आधीच वाटेत सुतळीचे दोर, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि एक जुना तपकिरी पट्टा टाकून ठेवला होता. तात्यांना सांगितलं, बांधावर चालता तसं चाला, दिसलं की थांबा. पहिल्या नमुन्याचा न उघडलेला नग त्यांच्या हातात दिला. लांबच्या बाभळीवर पांढरा गोळा स्वच्छ उमटला, पण पायापाशी नुसती निळसर अंधुक कडा. तपकिरी पट्ट्यावरून ते चालत गेले. दोरावर तर पायच पडला. दुसऱ्या बॅटरीचा झोत पसरट, तिचा रिफ्लेक्टर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत आणि उजेड जरा पिवळ्याकडं झुकणारा, त्यामुळे माती आणि दोर यांचा रंग वेगळा कळत होता. प्रत्येक तुकड्याआधी तात्या थांबले. पट्ट्यापाशी तर खोऱ्याचा दांडा असल्यासारखा हात पुढं केला.

“पण बिबट्याचं डोळं लांबून चमाकलं पायजेत,” ते तरीही म्हणाले.

हा मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. मोकळ्या रानात लांबचा झोत उपयोगी पडतो, त्यात पहिली बॅटरी सरस होती, निदान पहिला अर्धा तास. पण उभ्या उसात दहा फुटांपलीकडं दिसत नाही, तिथं 120 मीटरचं काय करायचं? आणि डोळे चमकायला 77 मीटर काही कमी नाहीत. तात्यांनी यावर तंबाखू मळली.

मी एका पानाचा अहवाल लिहिला. आकडे वर आणि 226 व्होल्ट सगळ्यात खाली, ठळक. संचालकांच्या बैठकीत 90 रुपयांच्या फरकावर बराच खल झाला असं ऐकलं, शेवटी दुसरी बॅटरी मंजूर झाली. मोबाइलच्या बऱ्या चार्जरमध्ये मेन्स आणि वायर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि या बॅटरीतली चार्जिंगची चिप 4.2 व्होल्टला थांबते, एवढं भाऊसाहेबांनी तिथं पाठ म्हणून दाखवलं म्हणे. ओ-रिंगला ग्रीस लावूनच माल घ्यायचा, हीही अट घातली. गावात आधीच असलेल्या बॅटऱ्यांसाठी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: घरात कोरड्या जागी चार्ज करा, आधी बोर्डाचं बटण बंद करा, मगच बॅटरीला हात लावा.

पुढच्या आठवड्यात तात्या पुतण्याची बॅटरी घेऊन आले. तोच खोका, तेच कडं. पिन सुलटी, पिन उलटी, टेस्टर दोन्ही वेळा थंड. तात्यांनी बाजूच्या पोरांकडं बघून मान हलवली. उघडून पाहिलं तर हिच्यात निगेटिव्हची तार हीटसिंकला न जोडता सरळ पट्टीवर डाग दिलेली. कारखान्यात त्या दिवशी ज्यानं जशी जोडली तशी. तारेचं उघडं टोक कड्यापासून जेमतेम दोन मिलिमीटरवर होतं, तेवढं मी त्यांना बोटानं दाखवलं.

“दोन मिलिमीटर म्हंजे लई झालं की,” असं म्हणून त्यांनी बॅटरी पिशवीत टाकली, आणि जाता जाता भाऊसाहेबांना फोन करून सोसायटीच्या यादीत स्वतःच्या नावापुढं दोन नग लिहायला सांगितले.