पहाटेची उभी रेघ

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात जालना जिल्ह्यातील एका गावात आम्ही घराच्या आतील हवेतील सूक्ष्म धूलिकण मोजत होतो. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरे आहेत, त्यामुळे तेथील हवेबद्दल निदान चर्चा तरी होते. खेड्यातील माजघरात रात्रभर काय हुंगले जाते, याची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवते. आम्ही काही घरे चुलीची आणि काही घरे गॅसची अशी निवडली होती. ज्या घराची ही हकिगत आहे, ते आमच्या वहीत ‘गॅसचे घर’ म्हणून नोंदलेले होते.

घर जुने, माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे. स्वयंपाकघरात सिलिंडर आणि दोन बर्नरची शेगडी, भिंती स्वच्छ, छताला काजळीचा डाग नाही. माजघरात फडताळावर आम्ही एक लहान यंत्र ठेवले. त्यातील पंखा हवा आत ओढतो, लेझरच्या किरणातून जाणारे कण प्रकाश विखुरतात आणि त्या विखुरण्यावरून अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कणांचा अंदाज बांधला जातो. म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे कण. ही यंत्रे स्वस्त आणि सोयीची असली, तरी त्यांची एक खोड सर्वांना ठाऊक आहे. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात, प्रकाश अधिक विखुरतात आणि यंत्र आहे त्यापेक्षा जास्त आकडा दाखवते.

तीन दिवसांनी नोंदी उतरवून घेतल्या, तेव्हा रोज पहाटे साडेचारच्या सुमारास आकडा एकाएकी ४०० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलेला दिसला आणि सहानंतर तो उतरलेला होता. २००९ च्या भारतीय मानकानुसार चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली आहे. घरात त्या वेळी सगळे झोपलेले असणार, गॅस बंद, बाहेर गव्हाला पाणी दिलेले आणि दव पडलेले. मी फार विचार न करता त्या तासांपुढे ‘दमटपणाचा दोष’ असा शेरा मारला आणि ते आकडे वगळण्याच्या यादीत टाकले. खरे तर रेघ पाहूनच मला शंका यायला हवी होती. दमटपणाने आकडा वाढतो तो रात्रभर हळूहळू. ही रेघ मात्र पाच मिनिटांत भिंतीसारखी उभी राहिली होती आणि वर जाऊन करवतीच्या दात्यांसारखी कातरत होती.

माझी चूक उघडी पाडली ती गाळणकागदाने. त्याच घरात आम्ही एक पंपही लावला होता, जो मिनिटाला ५ लिटर हवा टेफ्लॉनच्या गोल गाळणीतून ओढत असे. दिवसाला साधारण ७ घनमीटर. अशी गाळणी आधी आणि नंतर ठरावीक तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या खोलीत एक दिवस ठेवून मायक्रोग्रॅमपर्यंत वजन करणाऱ्या काट्यावर तोलतात, त्यामुळे कण फुगल्याची सबब तिथे चालत नाही. पण वजनापर्यंत जाण्याचीही गरज पडली नाही. प्रयोगशाळेत चिमट्याने डबी उघडली, तर आत पांढऱ्या कडेच्या मधोमध कोळशाने गिरवल्यासारखा काळा गोल होता. शेतातल्या किंवा रस्त्याच्या धुळीने गाळणी मातकट, पिवळसर होते. असा काळा रंग धुराचा असतो.

मार्गदर्शकांनी गाळणी उजेडात धरली आणि एवढेच विचारले, “तुम्ही पहाटे त्या घरात होता का?” नव्हते. आम्ही सकाळी दहाला जात असू आणि चहा घेऊन निघत असू.

त्याच आठवड्यात मी घरातल्यांची परवानगी घेऊन माजघरात मुक्काम केला. सव्वाचारला आजी उठल्या, दार लोटून अंगणात गेल्या आणि थोड्या वेळाने पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, मोडल्याचा कडकड आवाज आला. दारापासून चार-पाच हातांवर तीन दगडांच्या चुलीवर अंघोळीच्या पाण्याचे भगुने होते. दवाने ओलावलेल्या पऱ्हाट्या आधी नुसत्या धुमसल्या. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वर त्यापेक्षा उबदार थर असतो, म्हणून धूर वर चढत नाही. तो अंगणात कमरेएवढ्या उंचीवर पसरला आणि लोटलेल्या दाराच्या फटीतून आत आला. माळवदाच्या साण्यावर, म्हणजे छतातल्या झरोक्यावर, थंडीमुळे पत्रा झाकलेला होता, त्यामुळे आत आलेल्या धुराला बाहेर जायला वाट नव्हती. दाराशी त्यांचा नातू पांघरूण घेऊन झोपला होता. फडताळावरच्या यंत्रात आकडा ७० वरून ४३० वर गेला.

मी बाहेर जाऊन म्हटले, “आजी, तुमच्याकडं तर गॅस आहे ना?”

“गॅस सैपाकाला हाय, माय. अंगुळीच्या पाण्याला कोण जाळतंय त्यो?” भगुन्याखाली आणखी दोन काड्या सारत त्या म्हणाल्या, “तुमी सैपाकाचंच इचारलं व्हतं.”

आमच्या प्रश्नावलीत खरोखरच तेवढेच होते: ‘स्वयंपाक कशावर करता?’ त्यांनी दिलेले उत्तर शंभर टक्के खरे होते. ज्या घरात सिलिंडर जपून वापरावा लागतो आणि भिंतीला टेकून पऱ्हाट्यांचा ढीग फुकट उभा आहे, तिथे सहा माणसांचे पाणी गॅसवर तापेल, असे आम्ही गृहीत धरले होते. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीमुळे फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणीनंतर कापसाचे पीक पुढे लांबवू नका, असे कृषी विभाग सांगत असतो. त्यामुळे वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटल्या जातात आणि नेमक्या थंडीच्या तोंडावर सरपण म्हणून घरोघरी येतात. कापसाच्या गावात जन्मलेल्या मला हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. माझ्या आईच्या माहेरी पाणी असेच तापत असे.

वगळलेले सगळे तास मी नोंदीत परत घेतले, ‘गॅसचे घर’ हा शेरा खोडला आणि गॅसच्या उरलेल्या घरी पाणी, जनावरांचे आंबोण आणि शेकोटी यांचे प्रश्न घेऊन पुन्हा गेले. आजींना यंत्रावरची रेघ दाखवली, तेव्हा त्यांनी नातवाच्या अंथरुणाकडे पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी तीन दगड उचलून गोठ्याच्या पलीकडे नेले. माजघरातला पहाटेचा आकडा त्यानंतर १०० च्या आत राहिला. गोठ्याच्या पलीकडे मात्र शेजाऱ्यांची खिडकी उघडते, म्हणून परतण्यापूर्वी त्यांच्या घरी यंत्र ठेवू द्याल का, असे विचारायला मी गेले.