पडद्यावरचा मरून आणि मागावरचा मरून

सोलापुरात चादरी आणि टॉवेलांची डिझाइने करून देणे हा माझा व्यवसाय आहे. डिझाइन संगणकावर तयार होते, व्यापारी ते मोबाईलवर पाहून पसंत करतो, सूत डाईंगला जाते आणि माल मागावरून उतरला की खरी तक्रार सुरू होते. मागच्या दिवाळीआधी एका व्यापाऱ्याने मरून चादरींचा अख्खा लॉट अडवून धरला. फोनवर दिसला तो रंग हा नव्हे, हा मळकट आहे, असे त्याचे म्हणणे. शेड कार्डाशी, म्हणजे रंगछटांच्या नमुन्यांशी, ताडून पाहिले, तर डाईंगवाल्याने दिलेल्या नंबराप्रमाणे सूत चोख रंगवलेले होते. मग घोटाळा माझ्या टेबलावरच झाला असणार, हे मान्य करणे भाग पडले आणि मी पडद्यावरचा रंग मोजणारा एक कलरीमीटर विकत घेतला.

हे यंत्र हाती येईपर्यंत कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल या दोन गोष्टी मी एकच समजत होतो. कॅलिब्रेशन म्हणजे मॉनिटरची उजळता, पांढरेपणा आणि गॅमा (आकडा वाढत जाताना प्रकाश कसा वाढतो ते) ठरावीक जागी आणून बसवणे. प्रोफाइल म्हणजे तसा बसवलेला मॉनिटर कोणत्या आकड्याला कोणता रंग दाखवतो, याचे गणिती वर्णन. माझी फसगत या दुसऱ्या भागात झाली होती.

हे वर्णन दिसायला सोपे असते. लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येक रंगाला ० ते २५५ असा आकडा मिळतो, पण १२८ म्हणजे २५५ च्या निम्मा प्रकाश नव्हे. १९९६ साली मांडलेल्या एसआरजीबी या पडद्यांवरील रंगांच्या मानकाच्या वक्रानुसार तो जेमतेम एकवीस-बावीस टक्के भरतो. या वक्रातून निघालेले तीन आकडे तीन ओळी आणि तीन स्तंभांच्या कोष्टकातून गेले, की सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या १९३१ सालच्या पद्धतीतली एक्स, वाय, झेड ही मापे मिळतात. या सगळ्यामागे एक गृहीत असते, ते असे की तिन्ही रंगांचे प्रकाश वेगवेगळे मोजून त्यांची बेरीज केली, तर ते एकत्र लावल्यावर मिळणाऱ्या प्रकाशाइतकीच ती येईल.

एका रात्री ट्यूबलाइट बंद करून, मॉनिटर अर्धा तास तापू देऊन मी ही बेरीज करून पाहिली. पांढरा दर चौरस मीटरला १२० कँडेलावर (पडद्याच्या उजळतेचे एकक) बसवलेला होता. तिन्ही रंग ३२ या पातळीवर एकत्र लावून मिळालेला गडद करडा १.८५ भरला, मात्र तेच तीन रंग एकेकटे मोजून केलेली बेरीज २.०९ आली. फरक ०.२४ चा होता आणि निव्वळ काळा पडदा मोजल्यावर आकडा आला ०.१२. एलसीडीमध्ये मागचा दिवा सतत जळत असतो आणि पडदा पूर्ण काळा केला तरी थोडा उजेड झिरपतोच; तीनदा मोजताना तो झिरपाही तीनदा मोजला गेला, म्हणून बेरीज काळ्याच्या दुप्पटीने फुगली. प्रत्येक मापातून काळा वजा केला, की हिशेब जुळतो.

उजळ रंगांत या ०.१२ ला कोणी विचारत नाही. गडद मरूनचा स्वतःचा प्रकाश मात्र माझ्या पडद्यावर दीड कँडेलाच्या आसपास असतो आणि त्यात बाराव्या हिश्श्याइतका निळसर झाक असलेला उजेड मिसळला, की मरून विटल्यासारखा दिसतो. तो विटका वाटतो म्हणून मी फाइलमधला लाल वाढवत नेत होतो. व्यापाऱ्याच्या फोनचा पडदा ओलेड होता. त्यात काळा बिंदू विझतोच, त्यामुळे झिरपा नाही, शिवाय फोन रंग भडक करणाऱ्या मोडमध्ये होता. माझी वाढ आणि फोनचा भडकपणा एकावर एक चढले आणि बिचाऱ्या चादरीला मळकट ठरवले गेले.

आता प्रोफाइल काळ्याचे माप धरून बनवतो, दिवे जुने होत जातात म्हणून दर महिन्याला पुन्हा मोजतो आणि व्यापाऱ्याला फोन नॅचरल मोडवर ठेवण्याची विनंती करतो. डेल्टा ई हे रंगांतील फरकाचे माप १ च्या आसपास असले, तर जाणकार डोळ्यालाही फरक शोधावा लागतो. माझा मरून अजून तिथे पोहोचलेला नाही, पण भांडण होण्याच्या टप्प्यातून बाहेर आला आहे.

खिडकीचा प्रश्न वेगळाच आहे. सोलापूरच्या दुपारच्या उन्हात आणि दुकानातल्या ट्यूबखाली एकच सूत दोन रंगांचे भासते, कारण रंगद्रव्य कोणता उजेड परत फेकते हे त्याच्यावर पडणाऱ्या उजेडावर अवलंबून असते. पडदा मात्र स्वतःचाच उजेड टाकतो. म्हणून सूत आणि पडदा शेजारी ठेवून ताडायचे, तर खोलीतला दिवा मॉनिटरच्या पांढऱ्याशी, म्हणजे सुमारे ६५०० केल्विनशी (पांढऱ्या उजेडाची छटा सांगणारे एकक), जुळणारा हवा. खिडकीला मी जाड पडदा लावला, त्यावरून घरात बोलणी खाल्ली, पण तो काढलेला नाही.

गडद फिरोजी मात्र एसआरजीबीच्या कक्षेतच पूर्ण मावत नाही, मॉनिटर कितीही नीट बसवला तरी. त्या रंगासाठी मी आजही सुताची लडी कुरिअरने पाठवतो.