दुखणं सांगता येत होतं, राग सांगता येत नव्हता

मान, खांदे, पाठ कायम ठणकायची. केस विंचरायला हात वर नेला तरी रग लागायची. एक्स-रे, एमआरआय, थायरॉईड, संधिवाताच्या रक्तचाचण्या, सगळं नॉर्मल. शेवटी फायब्रोमायल्जियाचं, म्हणजे अंगभर कायम दुखतं पण तपासण्यांत काही दिसत नाही अशा आजाराचं, निदान झालं. डॉक्टरांनी रात्रीची गोळी दिली, रोज चालायला सांगितलं आणि मानसशास्त्रज्ञांच्या नावानं चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी मला फार लागली. ‘मनाचे खेळ आहेत’ हे घरीदारी पुष्कळ ऐकून झालं होतं.

मॅडमनी आधीच सांगून टाकलं, की दुखणं खरं आहे, त्याबद्दल वादच नाही. आंतरराष्ट्रीय वेदना संघटनेची २०२० ची व्याख्याही वेदनेला शरीराची संवेदना आणि भावना असा दोन्ही मिळून एक अनुभव मानते, हे कळल्यावर जरा धीर आला.

मग टोरांटो अ‍ॅलेक्सिथिमिया स्केल भरून घेतलं. २० विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ६१ किंवा जास्त आले, तर स्वतःच्या भावना ओळखणं आणि सांगणं त्या माणसाला खूप जड जातं असं धरतात. मी त्या गटात निघाले. यालाच अ‍ॅलेक्सिथिमिया म्हणतात; हा आजार नव्हे, स्वभावाचा भाग आहे. बोस्टनचे मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्नियॉस यांनी १९७० च्या दशकात त्याला हे नाव दिलं. फायब्रोमायल्जिया, जुनी कंबरदुखी असणाऱ्यांत तो जास्त आढळतो. राग आला की स्नायू आवळतात, छाती धडधडते. राग ओळखू आला नाही, तर हातात उरतं ते फक्त आवळलेलं अंग. उलट, वर्षानुवर्षं दुखत असेल तर दुखण्यापुढे बाकीचं काही जाणवेनासंही होतं. आधी काय, हे प्रत्येकाच्या बाबतीत सांगता येत नाही.

खरं काम वहीत झालं. वेळ, दुखणं दहापैकी किती, आधी काय घडलं, काय वाटलं. शेवटचा रकाना माझा कायम कोरा. एकदा लिहिलं होतं: ‘भावाचा फोन. गावचं घर विकायचं ठरलंय, सहीला ये. दुखणं ७. वाटलं – काही नाही.’

मॅडमनी विचारलं, ‘‘फोनवर बोलताना दात कसे होते?’’

‘‘घट्ट.’’

‘‘आणि गळा?’’

‘‘दाटलेला.’’

त्यांनी भावनांच्या शब्दांचा कागद पुढे सरकवला. चीड, धास्ती, हुरहुर, मत्सर... मी बराच वेळ बघत बसले आणि ‘अपमान’वर बोट ठेवलं. मला कुणी विचारलंच नव्हतं. तिथेच रडू फुटलं.

भावाला नंतर तसं बोलले. त्या दिवशीही मान दुखलीच. गोळी चालू आहे, चालणंही. पण ७ चा आकडा आता क्वचित येतो. आला, तर दिवसभरात काय घडलं तेही आठवून बघते, नुसती शेकत बसत नाही.

माझं ठाम मत आहे, जुनाट दुखण्याच्या पेशंटला हे २० प्रश्न सुरुवातीलाच विचारावेत, सगळे रिपोर्ट नॉर्मल येईपर्यंत थांबू नये. आणि विचारताना, दुखणं खरं आहे हे आधी सांगावं. मला ते सांगितलं नसतं, तर मी दुसऱ्यांदा गेलेच नसते.