मामाचं सूत

मामाचा मखरांचा कारखाना गिरगावात, चाळीच्या तळमजल्यावर. कारखाना म्हणजे दीड खोली. २०१८ मध्ये थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली तेव्हा त्याने एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचे दाबलेले पाट, धरलं आणि मला कामाला जुंपलं. मी दहिसरला बसून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मखराची कमान काढायची, मामाने फोनवर "दोन पाकळ्या कमी कर गं" म्हणायचं, मी पुन्हा फाइल पाठवायची. आषाढात असे दिवसाला दहा फोन. यंदा वैतागून ठरवलं, त्याच्याच लॅपटॉपवर ब्लेंडरमध्ये स्लायडरचं एक पॅनल लावून द्यायचं, मापं त्यानेच ओढून बदलायची.

पॅनल करणं सोपं आहे. पायथनमध्ये एक क्लास, दहा-बारा ओळी, आणि कीबोर्डवर एन दाबलं की उजवीकडच्या पट्टीत आपला टॅब हजर. मी शहाणपणा करून मापांचा हिशेब पॅनल रंगवणाऱ्या ड्रॉ फंक्शनमध्येच घातला. ते फंक्शन पॅनल पुन्हा रंगवताना दर वेळी चालतं, आणि तिथून सीनमधल्या डेटाला हात लावू दिला जात नाही. लाल एरर. हिशेब अपडेट कॉलबॅकमध्ये, म्हणजे स्लायडर हलला की आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये, हलवला, तर ओढताना प्रत्येक पायरीला पाट एकमेकांत बसवायच्या खाचांचं बुलियन, म्हणजे एका आकारातून दुसरा वजा करणं, चालायला लागलं आणि लॅपटॉप बसला. शेवटी ओढताना फक्त आकार बदलायचा, खाचा कापण्याचं काम वेगळ्या बटणावर. त्या बटणामागच्या कामाला अनडू दिला, म्हणजे केलेलं मागे घेता येतं. मामाला कंट्रोल झेड येतं, तेवढं एकच येतं.

नावं मराठीत हवीत हा माझाच हट्ट. लेबल दिलं 'महिरप'. मामाने चष्मा वर करून वाचलं, "महरिप? हे काय?" खरंच तसंच दिसत होतं. माझ्याकडच्या ब्लेंडरला देवनागरी जोडता येत नाही. एकेक चिन्ह ओळीने मांडतो, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी ह च्या आधी यायची ती मागे जाऊन र ला चिकटते. 'पाकळ्या'मधला ळ पाय मोडून उभा. मग शब्दच बदलले: 'कमान', 'पाकळी'. ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही.

जाडीचा स्लायडर मात्र मी अभिमानाने सुतात केला होता. मामा आयुष्यभर सुतात बोलतो, मिलिमीटरमध्ये नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. दोन सूत म्हणजे ६.३५, गणित चोख. लेसरवाल्याकडून नमुना कापून आला. मामाने उभा करून शेंडा धरला, तर सगळं मखर पडायला आलेल्या दातासारखं हललं.

"अगं, बाजारात दोन सूत म्हणजे सहा एमएम. या पोराला विचार." पोरगा पॉलिश पेपर घासत होता, त्याने मान हलवली.

म्हणजे खाच ६.३५ ची आणि पाट सहाचा. लेसर कडेला थोडं खातो ते वेगळंच. तो स्लायडर काढून टाकला. आता यादी आहे: 'दोन सूत' निवडलं की आत ६. कारखान्यात कोणता माल पडलाय ते रोज बदलतं, म्हणून यादी एका टेक्स्ट फाइलमधून वाचायची आणि ती फाइल मामाने सांभाळायची.

इथे सगळ्यात विचित्र मार बसला. यादी उघडली की कधी 'दोन सूत', कधी नुसता कचरा, एकदा तर ब्लेंडरच बंद. दोन रात्री मी फॉन्टला शिव्या घातल्या. दोष फॉन्टचा नव्हताच. यादी कॉलबॅकमधून दिली तर तिच्यातल्या स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचे तुकडे, पायथनच्या बाजूला आपणच धरून ठेवायच्या असतात. नाहीतर पायथन त्या टाकून देतो आणि ब्लेंडर त्याच रिकाम्या जागेत वाचत राहतो. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं तिसऱ्या दिवशी. यादी फंक्शनच्या बाहेर एका व्हेरिएबलमध्ये ठेवली, संपलं.

परवा गेले तर यादीत एक नवीन नाव: 'उरलेला माल'. फाइल उघडून पाहिली. मामाने मराठी कीबोर्डवरून आकडाही मराठीतच टाकला होता, ५.७. माझ्या पोटात गोळा, कारण तो आकडा मी सरळ फ्लोटमध्ये, म्हणजे मजकुराचा दशांश आकडा करणाऱ्या फंक्शनमध्ये, घालते. पण पायथनला देवनागरी अंक कळतात. त्याने मुकाट्याने ५.७ घेतलं, आणि खाच घट्ट बसली होती.